जुनी गाडी घेताना आणि विकताना: जाहिरातीपासून आरसीवर नाव चढेपर्यंत

गाडी विकून तेरा महिने झाले होते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मोबाइलवर मेसेज आला: ई-चलान, सिग्नल तोडला, ठिकाण सोलापूर. मी आयुष्यात कधी सोलापूरला गाडी घेऊन गेलेलो नाही. फोटो उघडला तर माझीच जुनी वॅगन आर. मागच्या काचेवर मुलीने चिकटवलेलं सूर्यफूलसुद्धा तसंच. ज्याला गाडी विकली त्याला फोन लावला. तो निवांत म्हणाला, "दादा, मी ती कधीच पुढे दिली. त्यांनी अजून नावावर केली नाही का?"

मी सह्या केलेले फॉर्म त्याच्या हातात देऊन मोकळा झालो होतो. ते फॉर्म दोन हात फिरून कुणाच्या तरी डॅशबोर्डच्या कप्प्यात पडले होते. चलानाची रक्कम किरकोळ होती, ती भरून टाकली. झोप उडाली ती दुसऱ्या विचाराने: सिग्नलऐवजी माणूस उडवला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशाच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. गाडी विकलेली होती, पुढे हातोहात फिरलेली होती, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. विक्रीची पावती, सही केलेले फॉर्म, काहीच कामाला आलं नाही.

तेव्हापासून मी गाडीचा व्यवहार उलट्या टोकाकडून बघतो. नाव कसं बदलणार ते आधी, मग कागद, मग गाडी आणि सगळ्यात शेवटी पैसे. ऑनलाइन जाहिरातीवरून, मधे डीलर न घेता गाडी घ्यायची किंवा विकायची असेल तर याच क्रमाने जा. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कारण माझा अनुभव इथलाच.

जाहिरात वाचताना

"सिंगल हँड, डॉक्टर वापर, शोरूम कंडिशन, एक रुपयाचं काम नाही." ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर दर तिसऱ्या गाडीखाली हे लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात एवढे डॉक्टर असते तर दवाखान्यात रांगा लागल्या नसत्या. हा मजकूर सोडून द्या आणि चारच गोष्टी शोधा: उत्पादनाचा महिना आणि वर्ष, कितवा मालक, पासिंग कुठलं, विमा कधीपर्यंत. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर फोन करण्याआधी मेसेजवर विचारा. उत्तर द्यायला खळखळ करणारा माणूस पुढे कागद द्यायलाही खळखळ करतो.

फोन लागला की गाडीचं नाव न घेता म्हणा, "तुमच्या गाडीची जाहिरात बघितली." समोरच्याने "कुठली गाडी?" असं विचारलं तर त्याच्याकडे चार-पाच गाड्या आहेत, म्हणजे तो दलाल आहे. दलालाकडून गाडी घेण्यात गैर काही नाही, पण मग किंमत आणि बोलणी दलालाशी करायची तशी करा. पुढचा प्रश्न: आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव कुणाचं? "मेव्हण्याच्या नावावर आहे, तो दुबईला असतो" असं उत्तर आलं तर मी दुसरी जाहिरात बघतो. मालक वारलेले असतील तर तसं सांगायला लाजण्यासारखं काही नाही, पण आधी वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घेतलेली असायला हवी. ते झाल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

गाडी बघायला जाण्याआधी तिचा नंबर मागा आणि तिचं घरबसल्या ऑपरेशन करा. एम-परिवहन अ‍ॅपमध्ये किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण तुम्हाला हवं ते सगळं दिसतं: कितवा मालक, उत्पादन कधीचं, इंधन कुठलं, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, नोंदणी कधी संपते, गाडीवर कुणाचं कर्ज आहे का. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी आणि फी भरून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तेरा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती यामुळेच.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली चलानं दिसतात. चलानांची यादी म्हणजे गाडी कशी चालवली गेली याची डायरीच. एका स्विफ्टवर मला अतिवेगाची अकरा चलानं दिसली. विक्रेता फोनवर सांगत होता, "गाडी फक्त बायको चालवते, भाजी आणायला." मग मी बघायला गेलोच नाही.

आणि हा माझा सगळ्यात लाडका कागद: विम्याची पॉलिसी. तिचा फोटो मागवा आणि 'नो क्लेम बोनस'चा रकाना बघा. क्लेम न घेता वर्षं गेली तर बोनस २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढतो. गाडी सात वर्षांची, मालक तोच आणि बोनस शून्य, म्हणजे बहुधा मागच्या वर्षी क्लेम झालाय. क्लेम बंपरचा होता की अख्ख्या पुढच्या भागाचा, ते विचारायचा हक्क आता तुम्हाला मिळाला. "गाडी कधीच कुठे लागली नाही" आणि "बोनस शून्य" ही दोन वाक्यं सहसा एकत्र नांदत नाहीत.

परराज्यातल्या गाड्यांबद्दल थोडं. राष्ट्रीय हरित लवादाच्या (एनजीटी) २०१५ च्या आदेशापासून दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली आणि तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. जाहिरातीत एखादी मोठी एसयूव्ही इथल्या भावापेक्षा लाख-दीड लाखाने कमी दिसते तेव्हा नंबरप्लेटकडे बघा. ती इथे नावावर करायची तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला (फॉर्म २८) लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरावा लागतो. हा हिशोब करून जे उरेल तीच खरी बचत.

भाव

त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, आपल्याच जिल्ह्यातल्या पंधरा जाहिराती वहीत उतरवून ठेवा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. जी गाडी चार दिवसांत गेली तिचा भाव बाजाराचा. जी अजून तिथेच आहे तिचा भाव मालकाच्या मनातला. जाहिरातीतला आकडा मागणीचा असतो, व्यवहार त्याच्या खालीच होतो.

एक गोष्ट विक्रेते अजून विसरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली म्हणजे जुनीचा भावही खाली सरकणार. "मी अमुक लाखाला घेतली होती" याला आता अर्थ नाही. त्याच व्हेरियंटची आजची ऑन-रोड किंमत काढा आणि तिथून मागे या. दोन खासगी माणसांतल्या व्यवहारावर जीएसटी लागत नाही. तो डीलरच्या नफ्यावर लागतो. कुणी खासगी विक्रेता 'टॅक्स वेगळा' म्हणाला तर हसून सोडून द्या.

मग गाडीवर लगेच होणारा खर्च मांडा. समजा मागणी ३,८०,००० आहे. चार टायर अठरा हजार, विमा बारा हजार, बॅटरी पाच, क्लच आता-आता जाणार त्याचे दहा. पंचेचाळीस हजार झाले. बोलणी करताना "थोडं कमी करा ना काका" म्हणण्यापेक्षा हा कागद पुढे ठेवा. कागदावरच्या आकड्यावर माणूस चिडत नाही, नुसत्या घासाघिशीवर चिडतो.

गाडी बघायला

सकाळी जा, उजेडात जा, मालकाच्या घरी जा. आदल्या रात्रीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. मी चिंचवडला एक होंडा बघायला सकाळी सात वाजता पोचलो. मालक खालीच उभे होते, हात पाठीमागे बांधून. "या, या. चहा घेणार?" मी बोनेटवर तळहात ठेवला. पोळी भाजायला तवा नुकता ठेवावा तसं गरम. "तुम्ही येणार म्हणून जरा धुवून आणली," ते म्हणाले. धुवायला गाडी कितीशी लांब न्यावी लागते? चहा घेतला, गप्पा मारल्या, पाऊण तासाने ती पुन्हा चालू केली. पहिल्या सेकंदाला सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला आणि विरला. ते निळं म्हणजे जळणारं ऑइल. गरम इंजिनात तो धूर दिसत नाही, म्हणून तर गरम करून ठेवलं होतं.

धुराचे रंग लक्षात ठेवा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा म्हणजे कूलंट आत जातंय आणि हेड गॅस्केटचा खर्च दारात उभा आहे. थंडीत सुरुवातीला निघणारी वाफ वेगळी, ती दोन मिनिटांत जाते. डिझेल गाडी जोर देताना काळा धूर ओकत असेल तर इंजेक्टर बघावे लागतील. ऑइलचं झाकण उघडून आत साय धरल्यासारखं काही दिसलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. इंजिन चालू असताना झाकण सैल करा. ते हातातून उडायला बघत असेल किंवा तिथून भसाभस वाफ येत असेल तर मेकॅनिक म्हणतात, "इंजिन बॅक मारतंय." त्या गाडीचे पैसे इंजिनवर जाणार.

ठोकलेली गाडी ओळखायला रंगापेक्षा बोल्ट बघा. बोनेटच्या बिजागऱ्यांचे आणि पुढच्या फेंडरचे बोल्ट कंपनीतून बॉडीच्याच रंगात येतात. त्यावर पान्याचे ओरखडे असतील तर पार्ट उघडला गेलाय. दाराचं रबर बीडिंग हाताने थोडं ओढून पिलरवरचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके बघा. ते एकसारख्या अंतरावर असतात, हाताने केलेलं वेल्डिंग खडबडीत दिसतं. फेंडर, दार, बंपर बदललेले चालतात. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये न घासलेली गाडी शोधणाऱ्याने गॅरेजात पूजेला लावलेलीच शोधावी. पण पिलर (छत पेलणारे खांब), एप्रन (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा) किंवा चेसिसला काम झालेलं असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

काचांवर कोपऱ्यात कंपनीचा आणि वर्षाचा शिक्का असतो. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी, तर ती का बदलली ते विचारा. टायरच्या बाजूवर लंबवर्तुळात चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी खर्चातच धरतो. 'रनिंग ३५ हजार' सांगितलेल्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल आणि स्टिअरिंगचं कव्हर नवंकोरं असेल, तर मीटर मागे फिरवलाय असं समजा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस झालेली असेल तर प्रत्येक वेळचं किलोमीटर तिथल्या नोंदीत असतं. मालकाला सोबत घेऊन तो इतिहास काढा. मालक यायला तयार नसेल तर त्यातच उत्तर आलं.

आता पुराची गाडी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या असंख्य गाड्या बुडाल्या. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं, जुलै २०२१ ला चिपळूण. पाण्यात बसलेली गाडी धुवून, सीटकव्हर घालून, अत्तर मारून दूरच्या जिल्ह्यात विकायला येते. ती ओळखायला माझ्या फिटरने मला एक युक्ती दाखवली. मागच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, अगदी थांबेपर्यंत. कुणी गाडी कितीही घासली तरी बेल्टचं शेवटचं हातभर टोक कुणी धूत नाही. आम्ही एका सेडानचा बेल्ट ओढला तेव्हा शेवटच्या भागावर आडवी, चहाच्या कपाच्या कडेसारखी तपकिरी रेघ होती आणि बोटाला बारीक गाळ लागला. मालक म्हणाले, "पोरांनी काहीतरी सांडलं असेल." बेल्टच्या रिळाच्या आत? त्याशिवाय सीटच्या खालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, फ्यूज बॉक्सच्या आत हिरवट झालेली टोकं, आणि काचा बंद करून एसी लावल्यावर येणारा ओल्या गोणपाटाचा वास. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की निघा. इलेक्ट्रिकलचं दुखणं पुराच्या गाडीला आयुष्यभर सोडत नाही.

चावी फिरवली की डॅशबोर्डवर इंजिनचा आणि एअरबॅगचा दिवा लागायला हवा आणि मग विझायला हवा. न विझणं वाईट, पण मुळात न लागणं त्याहून वाईट: बिघाड लपवायला दिव्याची वायर काढलेली असू शकते. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर आता ऑनलाइन हजाराच्या आसपास मिळतो. तो लावून कोड वाचा. सगळी मेमरी आज सकाळीच पुसलेली दिसली तर कुणीतरी तुमची वाट बघत होतं.

चालवताना रेडिओ बंद. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तिथेच रेंगाळली तर क्लच प्लेट संपली. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टक-टक आली तर अ‍ॅक्सलचा जॉइंट. ऐंशीला स्टिअरिंग थरथरलं तर कदाचित नुसतं बॅलन्सिंग, कदाचित वाकलेली रिम. जवळ घाट किंवा चढ असेल तर एसी लावून चढवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. बीएस-६ डिझेल गाडी फक्त शहरात रखडत चालवलेली असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदण्याचा त्रास असतो, त्याबद्दल खोदून विचारा. सीएनजी असेल तर आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी' असं हवं आणि सिलिंडरच्या पट्टीवरची हायड्रो टेस्टची तारीख तीन वर्षांच्या आतली हवी. इलेक्ट्रिक गाडीत एकच प्रश्न मोठा: बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, ते कंपनीकडून लेखी घ्या.

हे सगळं वाचून तुम्ही मेकॅनिक होत नाही. ओळखीचा फिटर सोबत न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. 'चहा पाजतो' म्हणून नेलेला माणूस मनापासून गाडीखाली झोपत नाही. शेवटी चेसिस नंबर आरसीशी एक-एक अक्षर ताडून बघा. चोरीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सुविधेत नंबर तपासता येतो.

विकणाऱ्याची तयारी

विकायची असेल तर जाहिरात टाकण्याआधीचे पंधरा दिवस महत्त्वाचे. थकलेली चलानं भरा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसवून घ्या. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी लागतो, आणि ती पाटी नसेल तर आरटीओत नावबदलाचं काम अडतं. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवा. बरेच लोक कर्ज फेडतात आणि एनओसी कपाटात ठेवून विसरतात. तिची मुदत साधारण तीन महिन्यांची असते, संपली की पुन्हा बँकेच्या पायऱ्या चढा. आणि परिवहनच्या नोंदीत तुमचा चालू मोबाइल नंबर आहे का ते बघा. नावबदलाचा ओटीपी त्या नंबरवर येतो. सहा वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमकार्डमुळे व्यवहार आठवडाभर लटकलेला मी पाहिला आहे.

डेंटिंग-पेंटिंग करू नका. ताजा रंग बघून घेणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवलंय, आणि तो खर्च भावात परत येत नाही. आतून मात्र स्वच्छ करून घ्या. फोटो सकाळच्या उन्हात, सावली गाडीवर न पडता, पंधरा-वीस काढा: चारही बाजू, मीटर, टायर, इंजिन, डिकी, आणि जो ओरखडा आहे त्याचा जवळून. माझ्या दुसऱ्या गाडीची जाहिरात अशी होती:

"मारुती वॅगन आर व्हीएक्सआय, पेट्रोल, ऑगस्ट २०१७, एमएच १२ पासिंग, पहिला मालक. रनिंग ५८,४००, सर्व सर्व्हिस कंपनीत, बिलं आहेत. मागच्या डाव्या दारावर पार्किंगच्या खांबाला घासलेला ओरखडा (फोटो ७). पुढचे टायर २०२३ चे, मागचे २०१९ चे, बदलावे लागतील. कर्ज नाही, चलान नाही, एचएसआरपी आहे. विमा मार्चपर्यंत. अपेक्षा ३,४०,०००, गाडी बघून थोडं बोलू. शनिवार-रविवार सकाळी. नावावर करण्याचा अर्ज व्यवहाराच्या दिवशीच, माझ्यासमोर."

शेवटच्या वाक्याने निम्मे फोन कमी झाले. जे आले ते कामाचे होते.

फोनवर येणारे भामटे ठरावीक साच्यातले असतात. एक स्वतःला लष्करातला जवान म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, गाडी न बघताच घासाघीस न करता 'हो' म्हणतो आणि टोकन पाठवायला क्यूआर कोड धाडतो. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. दुसरा प्रकार जास्त हुशार आहे. मधला माणूस तुमची जाहिरात उतरवून कमी भावात टाकतो, खऱ्या गिऱ्हाइकाला तुमच्याकडे पाठवतो, दोघांनाही सांगतो "भावाबद्दल समोर बोलू नका, तो माझा नातेवाईक आहे", आणि पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन गायब होतो. म्हणून गाडीजवळ उभं राहून समोरासमोर विचारा: भाव काय ठरलाय, आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार? आरसीवर ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात. बाकी कुठेही नाही.

चालवून बघायला देताना लायसन्सचा फोटो घ्या आणि स्वतः शेजारी बसा. गाडी सुरू ठेवून खाली उतरू नका.

पैसे आणि कागद

टोकन पाच-दहा हजारांपेक्षा जास्त कशाला हवं? दोन ओळींची पावती करा: गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, किती तारखेपर्यंत थांबणार, आणि कागदात खोट निघाली तर टोकन परत.

उरलेली रक्कम एनईएफटी, आरटीजीएस किंवा आयएमपीएसने घ्या. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत; तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली दिसू द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. गाडीवर कर्ज बाकी असेल तर दोघांनी बँकेच्या शाखेत भेटा, घेणाऱ्याने बाकीची रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि वरचे पैसे मालकाला द्यावेत.

कागद असे: फॉर्म २९ (गाडी दिल्याची सूचना) दोन प्रती, फॉर्म ३० (नाव बदलण्याचा अर्ज; गाडीवर कर्ज काढून घेत असाल तर त्यासोबत फॉर्म ३४), मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे पत्त्याचे पुरावे, पॅन. कोऱ्या फॉर्मवर सही करून द्यायची आपल्याकडे जुनी खोड आहे. मीही तेच केलं होतं. आता मी घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख स्वतःच्या हाताने भरल्याशिवाय सही करत नाही, आणि प्रत्येक पानाचा फोटो ठेवतो.

कायद्याने, राज्यातल्या राज्यात गाडी दिल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचं असतं. पण 'तो करेल' यावर राहू नका. परिवहनच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीने बरंचसं काम घरून होतं, एजंटाची गरज प्रत्येक वेळी पडत नाही. दोघं एकत्र बसलेले असतानाच अर्ज भरा, फी भरा, अर्ज क्रमांक दोघांच्या मोबाइलवर घ्या, मग चावी द्या. घेणारा तयार असेल तर दहा हजार रुपये नाव चढेपर्यंत मागे ठेवायचे, असाही करार करता येतो. फक्त ते पैसे घेणाऱ्याचे, विकणाऱ्याकडे अनामत: नाव चढलं की परत. माझ्या अनुभवात यासारखी चपळाई दुसऱ्या कशाने येत नाही.

चावी देताना ताबा पावती करा आणि त्यावर तारखेसोबत वेळ लिहा, अगदी 'दुपारी ४.२०' अशी. संध्याकाळी पाचला काही झालं तर त्या चाळीस मिनिटांना किंमत असते. गाडी, नंबरप्लेट आणि दोघं दिसतील असा फोटो काढा. घेणाऱ्याने दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात. दुसरी चावी 'हरवली' असेल तर कुलूप बदलण्याचा खर्च भावातून कापा.

गाडी डीलरला देत असाल तर डिसेंबर २०२२ च्या नियमांपासून एक चांगली सोय झाली आहे. अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९सी ने पोर्टलवर जाते आणि पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत जबाबदारी त्याच्याकडे येते. अधिकृत प्रमाणपत्र आहे का ते विचारा. नसेल तर तुमची गाडी पुन्हा कुणाच्या तरी डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या फॉर्मवर जगणार.

चावी दिल्यानंतरचे पंधरा दिवस

विमा आधी. गाडीसोबत थर्ड पार्टी विमा आपोआप जातो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग घेणाऱ्याच्या नावावर करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज करायचा असतो. तो केला नाही आणि बंपर फुटला तर क्लेम नाकारतात. नो क्लेम बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याने कंपनीकडून बोनस राखल्याचं प्रमाणपत्र घ्यावं, नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत वापरता येतं. घेणाऱ्याला त्या बोनसचा फरक भरावा लागतो, हे भाव ठरवतानाच माहीत असलेलं बरं.

फास्टॅग बंद करा. काचेवरून नुसता खरवडून चालत नाही, बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करावा लागतो, नाहीतर खालापूरच्या टोलनाक्यावरचे पैसे तुमच्या खात्यातून कटत राहतील. कनेक्टेड गाडी असेल तर मोबाइल अ‍ॅपमधून गाडी काढून टाका. घेणाऱ्याने आपल्यासमोर हे करून घ्यावं, कारण जुन्या मालकाला गाडी कुठे उभी आहे ते बसल्या जागी दिसत असतं. म्युझिक सिस्टिममधले फोन नंबर आणि घराचा पत्ता पुसा, डॅशकॅमचं कार्ड काढा, सोसायटीचं स्टिकर काढा.

मग दर दोन दिवसांनी एम-परिवहनवर नंबर टाकून बघायचा. मी दुसरी गाडी विकली तेव्हा अठराव्या दिवशी मालकाच्या नावाच्या जागी नवी, ओळखीची नसलेली आद्याक्षरं दिसली आणि मालक क्रमांक एकचा दोन झाला. त्याचा स्क्रीनशॉट काढला, ताबा पावतीच्या फाइलीत लावला, आणि घेणाऱ्याला त्याचे दहा हजार परत पाठवले.